जुन्या पुस्तकावर नवं पुस्तक: युद्धातल्या पडझडीची नोंद ठेवणारं आर्टिस्ट्स बुक कसं करायचं

आर्टिस्ट्स बुक म्हणजे कलाकाराने घडवलेलं असं पुस्तक की जे स्वतःच कलाकृती असतं. सुरुवात एका उदाहरणाने करतो म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते कळेल. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त १९३३ मध्ये, राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी देश सोडून निघाला आणि मग डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, अमेरिका असा फिरत राहिला. त्या सगळ्या वर्षांत तो पेपरातले, मासिकांतले युद्धाचे फोटो कापून ठेवायचा, लाइफ मासिकातले तर भरपूर, आणि फोटोखाली स्वतःच्या चार ओळी लिहायचा. बॉम्ब पडलेली शहरं, पुढारी, सैनिक, सिंगापूरमध्ये मेलेल्या मुलाशेजारी आक्रोश करणारी बाई, सगळं त्यात आहे. १९५५ मध्ये पूर्व बर्लिनमधून त्याचं पुस्तक निघालं, 'क्रीग्सफीबेल', म्हणजे युद्धाची बाराखडी. काळी पानं, एकेक फोटो, खाली चार ओळी, असे ६९. रूथ बेर्लाऊ या त्याच्या सहकारी बाईंनी ते संपादित केलं.

आता पुढची गोष्ट. २०११ मध्ये अ‍ॅडम ब्रूमबर्ग आणि ऑलिव्हर चॅनारिन या दोघा कलाकारांनी याच पुस्तकाच्या १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीच्या १०० प्रती घेतल्या आणि प्रत्येक प्रतीत, प्रत्येक पानावर, ब्रेख्तने लावलेल्या फोटोवर आपल्या काळातल्या 'वॉर ऑन टेरर'चे, म्हणजे दहशतवादाविरुद्ध म्हणून अमेरिकेने केलेल्या युद्धांचे, इंटरनेटवर सापडलेले फोटो चिकटवले, आपला मजकूर स्क्रीन प्रिंटने छापला. नाव ठेवलं 'वॉर प्रायमर २'. खाली ब्रेख्तच्या ओळी तशाच राहिल्या. म्हणजे १९४० च्या दशकात लिहिलेली कविता २००० नंतरच्या फोटोखाली वाचायची. २०१३ चं डॉइश बोर्स फोटोग्राफी प्राइझ त्यांना या कामासाठी मिळालं. त्यावर मग लुईस बुश या फोटोग्राफरने २०१३ मध्येच 'वॉर प्रायमर ३' केलं, विषय होता कामगार आणि विषमता. अशी ती साखळी चालू राहिली.

मला हा प्रकार फार मोलाचा वाटतो आणि मराठीत कोणी करताना दिसत नाही, म्हणून हे लिहितोय. आर्ट स्कूलला गेलेलं असायची गरज नाही. कात्री, खळ, झेरॉक्सचं दुकान आणि चिकाटी एवढ्यावर होतं. मात्र एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात पक्की ठेवा: जुनं पुस्तक तुम्हाला एक नियम देतं आणि तो नियम पाळल्यामुळेच नोंद खरी राहते. नियम नसेल तर माणूस आपोआप सगळ्यात भयंकर फोटो निवडत जातो आणि शेवटी हातात उरतो तो नुसता भडक अल्बम.

आधाराचं पुस्तक कसं निवडाल

बरेच जण इथे आवडतं पुस्तक उचलतात. आवड असू दे, पण त्या पुस्तकाचा नियम एका वाक्यात सांगता येतोय का बघा. ब्रेख्तचा सांगता येतो: एक फोटो, चार ओळी. स्पॅनिश चित्रकार गोयाचा पण सांगता येतो. स्पेनमध्ये नेपोलियनच्या सैन्याशी युद्ध झालं त्यावर त्याने १८१० पासून दहाएक वर्षांत जी चित्रं कोरली, 'युद्धाचे अनर्थ' म्हणून आपण ओळखतो ती, त्यात चित्राखाली दोन-तीन शब्दांची एक ओळ असते, बस्स. तिसावं चित्र बघा, घराचं छप्पर कोसळतंय आणि माणसं, खुर्ची, लाकडं एकत्रच खाली येतायत, खाली फक्त 'युद्धाची नासधूस'. ४४ व्याखाली 'मी हे पाहिलं'. २६ व्याखाली 'बघवत नाही'. त्याच्या हयातीत ही मालिका छापलीच गेली नाही, तो वारला १८२८ ला आणि ८० चित्रांची पहिली आवृत्ती निघाली १८६३ ला. आणि गोयाच्याही आधी, १६३३ मध्ये, जाक कॅलो या फ्रेंच कलाकाराने युद्धाच्या हालअपेष्टांवर १८ छोटी चित्रं कोरली होती. म्हणजे जुन्या कामाच्या रांगेत उभं राहून युद्धाबद्दल बोलायची रीत बरीच जुनी आहे.

तिसरा आधार मला सगळ्यात कामाचा वाटतो आणि गंमत म्हणजे त्याचा युद्धाशी काही संबंध नाही. अमेरिकन चित्रकार एड रुशाने १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीचा फोटो काढला, पिकअप ट्रकवर मोटरवाला कॅमेरा लावून, आणि ते सगळे फोटो जोडून एक लांबच लांब घडीचं पुस्तक केलं, उघडलं की साधारण साडेसात मीटर. रस्त्याची एक बाजू वर, दुसरी बाजू खाली उलटी, मधे मोकळा पांढरा पट्टा, आणि घरांचे नंबर. सुंदर इमारत, टपरी, रिकामा प्लॉट, काहीही वगळायचं नाही, हा त्याचा नियम.

आता हाच नियम बॉम्ब पडलेल्या रस्त्याला लावा. जिथे घर उभं होतं तिथे आता काही नाही, पण नियमानुसार त्या 'काही नाही'ला पण तेवढीच रुंदी द्यावी लागते. साध्या अल्बममध्ये पडून गेलेलं घर दिसतच नाही कारण फोटो काढण्यासारखं तिथे काही उरलेलं नसतं. इथे ते दिसतं. आणि जे घर वाचलं ते पण दिसतं, खिडकीला प्लायवूड ठोकून लोक आत राहतायत ते पण. नासधुशीची नोंद करताना वाचलेलं घर दाखवणं मला फार महत्त्वाचं वाटतं, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं शहर संपलं, तिथे आता कोणी नाही, आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं.

चौथा रस्ता बोस्नियाची राजधानी साराएवो इथल्या लोकांनी दाखवला. १९९२ ते १९९६ त्या शहराला वेढा होता, १४२५ दिवस. तो वेढा चालू असतानाच, १९९३ मध्ये, फामा नावाच्या गटाने 'साराएवो सर्व्हायव्हल गाइड' काढलं. साचा टूरिस्ट गाइडचा, मिशेलिनचं असतं तसं: प्रवास कसा करावा, खावं काय, पाणी कुठे मिळतं. उत्तरं मात्र वेढ्यातल्या शहराची. त्याच शहरात त्रिओ या डिझाइन ग्रुपने जगभर ओळखीच्या जाहिराती आणि पोस्टर्स बदलून पोस्टकार्डं छापली, कोका-कोलाच्या अक्षरांत शहराचं नाव वगैरे, आकार छोटा कारण कागदच नव्हता. साचा ओळखीचा असला की बघणारा आत येतो आणि आत आल्यावर त्याला कळतं काय झालंय. पण हे काम त्या वेढ्यात राहणाऱ्यांनी केलंय हे विसरू नका. लांब बसून दुसऱ्याच्या वेढ्याचं टूरिस्ट गाइड करणं मला पटत नाही. आपण लांबचे असू तर रुशाचा किंवा गोयाचा कोरडा नियम घ्या.

विषय लहान घ्या, अजून लहान घ्या

'युक्रेन युद्ध' हा विषय नाही होऊ शकत. मारियुपोलचं नाटक थिएटर हा विषय आहे. एक रस्ता, एक शाळा, एक पूल, एक दिवस. बोस्नियातल्या मोस्तार शहराचा जुना पूल, ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफांनी पाडला, २००४ मध्ये परत बांधला, हे एक अख्खं पुस्तक होऊ शकतं. साराएवोची व्हिएच्नित्सा, म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत, २५-२६ ऑगस्ट १९९२ च्या रात्री जळाली आणि मे २०१४ मध्ये पुन्हा उघडली, हे दुसरं.

मुंबईत राहणाऱ्यांना तर स्वतः पायी जाऊन बघता येईल असा विषय आहे आणि त्यावर असं काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, एसएस फोर्ट स्टिकिन ही मालवाहू बोट. बोटीत साधारण १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, सोबत कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा. आग लागली, चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. शत्रूचा हल्ला नव्हता, अपघात होता, पण माल युद्धाचा होता आणि बातमीवर सेन्सॉरशिपही युद्धाचीच होती. शेकडो माणसं गेली, त्यात आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान. भायखळ्याला मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, आणि १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच कारणाने. या विषयावर रुशाच्या पद्धतीने गोदीलगतचा एक रस्ता आजच्या फोटोंत घेतला आणि खाली १९४४ ची पट्टी ठेवली तर काय सुंदर आणि जड पुस्तक होईल विचार करा. गोदीच्या आत जायला आणि फोटो काढायला परवानगी लागते, तेव्हा बाहेरचा सार्वजनिक रस्ताच घ्या.

फोटो जमवणं आणि तपासणं, इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

पुस्तक दिसायला कितीही छान झालं तरी आतला एक फोटो चुकीच्या शहराचा निघाला की संपलं, मग बाकीच्या खऱ्या फोटोंवर पण कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ज्यांची घरं खरंच पडली त्यांचं नुकसान आपण केलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक फोटोसाठी हे करा, कंटाळा आला तरी करा.

आधी रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे तो फोटोच सर्च इंजिनला देऊन इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधणं. तो फोटो सगळ्यात जुना कधी आणि कुठे टाकला गेलाय बघा. २०२२ चा म्हणून फिरणारा फोटो २०१४ चा किंवा भलत्याच देशातला निघतो, हे नेहमीचं आहे. मग जागा पटवा: खिडक्यांच्या रांगा मोजा, दुकानाची पाटी, विजेचे खांब, मागचा टॉवर, चर्चचा घुमट, आणि गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची सॅटेलाइट इमेज उघडून आधी आणि नंतर बघा. युक्रेनमधल्या बऱ्याच शहरांचं स्ट्रीट व्ह्यू युद्धाच्या आधीचं आहे, ताडून बघायला फार उपयोगी पडतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात पण त्यात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, म्हणजे जळालेला गोदामाचा पट्टा दिसेल, एका घराची भिंत नाही दिसणार. वेळ काढायची असेल तर सावलीची दिशा बघा, जागा माहीत असली की सावलीवरून वेळेचा अंदाज देणाऱ्या साइट्स आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो असेल तर त्यातली मूळ तारीख-जागेची माहिती निघून गेलेली असते, शक्य असेल तर काढणाऱ्याकडून ओरिजिनल फाइल मागा.

याची शिस्त नीट शिकायची असेल तर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आणि बर्कले विद्यापीठाच्या लोकांनी मिळून काढलेला 'बर्कले प्रोटोकॉल' वाचा. तो तपास करणाऱ्यांसाठी आहे पण आपल्यालाही त्यातलं बरंच लागू पडतं, मुख्य म्हणजे मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं आणि कुठून, कधी, कशी मिळाली ते लिहून ठेवायचं. एक साधी एक्सेल शीट करा: फोटो नंबर, जागा, पडझडीची तारीख, फोटोची तारीख (या दोन तारखा वेगळ्या असतात, हे लोक हमखास विसरतात), कोणी काढला, परवानगी आहे का, कशावरून पटवलं. ज्या ओळीतले रकाने भरता येत नाहीत तो फोटो पुस्तकात नाही. कितीही जबरदस्त असला तरी नाही. रस्त्याच्या पुस्तकात तेवढी रुंदी कोरी सोडा आणि खाली घराचा नंबर लिहा.

मृतदेह आणि ओळखू येणारे चेहरे मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका असं सांगेन. त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलेलं नसतं. युद्ध चालू असेल तर अजून एक: सैन्य कुठे आहे, लोक कुठे लपलेत, फोटो काढणारा कोण, यातलं काहीही आपल्या पुस्तकातून बाहेर जाता कामा नये, मग नाव गाळावं लागलं तरी चालेल.

खालची ओळ

फोटोखाली काय लिहायचं यावर मी लोकांशी बरेच वाद घातलेत. माझं मत असं की दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक माहितीची ओळ, लहान टाइपात: जागा, तारीख, स्रोत, फोटोग्राफर. आणि दुसरी, हवी असेल तरच, तुमची ओळ. दोन्ही एकत्र कालवू नका.

माहितीच्या ओळीत आकडा लिहिताना कोण म्हणतंय ते लिहा. मारियुपोलच्या थिएटरचंच घ्या. १६ मार्च २०२२ ला बॉम्ब पडला, इमारतीच्या पुढे आणि मागे जमिनीवर रशियन भाषेत मोठ्या अक्षरात 'मुलं' असं लिहिलेलं होतं, वरून दिसावं म्हणून, आणि ते सॅटेलाइट फोटोत वाचता येत होतं. किती गेले? मानवाधिकार संघटना अ‍ॅम्नेस्टीने जूनमध्ये लिहिलं किमान डझनभर आणि बहुधा याहून बरेच जास्त. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मे महिन्यात लिहिलं जवळपास ६००. यातला एक आवडीचा आकडा उचलून छापू नका, दोन्ही लिहा, नावासकट, महिन्यासकट. वाचणारा शहाणा असतो, त्याला फरक कळतो.

आता तुमची ओळ. ब्रेख्तच्या चार ओळींची नुसती मराठी करून लावण्यात मला फार अर्थ वाटत नाही. आपल्याकडे चार चरणांचा अभंग आहे, ६-६-६-४ अक्षरांचा, त्यात इतकी कमी जागा आहे की फुगवायला वावच नाही, आणि शेवटचा आखूड चरण वाक्य तोडून टाकतो. गोदीच्या स्फोटासाठी मी असं करून बघितलं:

कापसाच्या गाठी
दारूगोळा पोटी
ठिणगी ती छोटी
कोठूनशी

यात शोक नाही, दोषारोप नाही, फक्त बोटीत काय होतं ते आहे. मला वाटतं एवढंच पुरे, कारण वर फोटो आहे आणि तो बोलतोय. 'हाय रे दैवा' टाइपचं काही लिहिण्याचा मोह झाला तर पान बंद करून चहा घ्या आणि परत या. कविता जमत नसेल तर गोयासारखे दोन शब्द लिहा. तेही नको असतील तर माहितीची ओळ पुष्कळ झाली, रुशाने तर नुसते नंबर छापले.

जुनं खाली दिसलं पाहिजे

जुन्या पुस्तकाचं पान पूर्ण झाकून टाकलं तर तुम्ही ते वापरलं कशाला? तेव्हा नवा फोटो फक्त एका कडेने चिकटवा, वरच्या कडेला जेमतेम ५ मिलिमीटर खळ, म्हणजे बोटाने उचलून खालचं जुनं चित्र बघता येतं. उचलायची ती कृती महत्त्वाची आहे, बघणाऱ्याला स्वतः करावी लागते. दुसरी पद्धत, नवं चित्र ९० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढून जुन्या पानासमोर घालणे, मग दोन्ही एकत्र दिसतात. घर उभं असतानाचं रेखाचित्र वरच्या ट्रेसिंगवर आणि पडझडीचा फोटो खाली, हे मी पाहिलेल्या मांडणींत सगळ्यात परिणामकारक आहे, पान उलटलं की घर निघून जातं.

एक तांत्रिक अडचण येतेच. प्रत्येक पानावर फोटो चिकटवला की पुस्तक उघड्या बाजूला फुगतं आणि शिवण ताणली जाते. त्यासाठी शिवणीकडे मधेमधे २ सेंटिमीटर रुंदीच्या कागदाच्या पट्ट्या घ्यायच्या, बाइंडर लोक त्याला गार्ड म्हणतात, जुन्या फोटो अल्बममध्ये असतात त्या. जितकी जाडी फोटोंनी वाढणार तितकी पट्ट्यांनी आधीच वाढवून ठेवायची.

आणि प्लीज, दुर्मिळ जुनी प्रत कापू नका. ब्रूमबर्ग-चॅनारिननी छापील आवृत्तीच्या प्रतींवर काम केलं ते ठीक, तुमच्या हातात फूटपाथवर मिळालेली १९४५ ची प्रत असेल तर तिचं स्कॅन करा आणि झेरॉक्सवर कातरकाम करा.

घडीचं पुस्तक, हिशोबासकट

रस्त्याचं पुस्तक करणाऱ्यांसाठी माप देतो. रस्ता ३०० मीटरचा धरा. १ मीटरला १ सेंटिमीटर, म्हणजे पट्टी ३०० सेंमी. कागद ए-थ्री आडवा, ४२ सेंमी, त्यात साडेतेरा सेंमीची तीन पानं म्हणजे साडेचाळीस, उरलेला दीड सेंमी पुढच्या कागदाला जोडायची पट्टी. असे ८ कागद म्हणजे २४ पानं, ३२४ सेंमी. रस्ता संपल्यावर २४ सेंमी उरतात ते शेवटच्या नोंदींना. पानांची संख्या सम ठेवा, विषम झाली तर मागचा आणि पुढचा पुठ्ठा नीट समोरासमोर येत नाही.

कागद कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, १६० ते २०० जीएसएम, त्याच्या वर जाऊ नका, घडी फुटते. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेने बसलेले असतात, दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो तिकडे ग्रेन. घडी ग्रेनच्या दिशेनेच आली पाहिजे, म्हणजे आपल्या आडव्या पट्टीत ग्रेन उभा हवा. सगळेच ए-थ्री तसे मिळत नाहीत, मोठी शीट घेऊन दुकानातच कापून घेतली तर तुम्हाला हव्या त्या दिशेने मिळते. उलट्या ग्रेनवर केलेलं पुस्तक पहिल्या दिवशी छान दिसतं आणि पावसाळ्यात वेडंवाकडं होतं.

घडी घालण्याआधी स्टीलची पट्टी ठेवून रिफिल संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढा, मग घडी, मग चमच्याच्या पाठीने दाबा. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, हार्मोनियमच्या भात्यासारखी. आधी कोऱ्या कागदाची एक डमी पूर्ण करा आणि त्यावर पेन्सिलने घरांच्या रुंद्या मार्क करा, कारण एखादं महत्त्वाचं घर नेमकं घडीवर येतं, आणि तेव्हा स्केलशी खेळायचं नाही, रस्त्याची सुरुवात दोन-तीन मीटर पुढे-मागे घ्यायची.

प्रिंट लेझर किंवा झेरॉक्सचं. साध्या इंकजेटची शाई खळीच्या ओलाव्याने पसरते. डिजिटल प्रिंटच्या दुकानात सांगा की काळ्याचा कॉन्ट्रास्ट वाढवू नका, ढिगाऱ्याचे फोटो आधीच करडे असतात आणि दुकानदार चांगल्या मनाने ते 'उठावदार' करतो, मग ढिगाऱ्यातलं काहीच वेगळं ओळखू येत नाही. एक टेस्ट पान काढून खिडकीच्या उजेडात बघा.

पुठ्ठा २ मिलिमीटर, पानापेक्षा तिन्ही-चारही बाजूंनी ३ मिलिमीटर मोठा, त्यावर बाइंडिंगचं कापड, दुमडायला दीड सेंमी. चिकटवायला गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ, फेविकॉल थोडा मिसळला तरी चालतो. जुने बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, ते विषारी असतं तेव्हा स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नाही आणि घरात लहान मुलं असतील तर घालूच नका. चिकटवलं की बटर पेपरमध्ये घालून वजनाखाली रात्रभर, मधेच उघडून बघायचा मोह आवरा, पावसाळ्यात दोन रात्री ठेवा.

हक्क, प्रती, शेवटचं पान

जुना फोटो म्हणजे आपोआप फुकट असं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, जर्मनीत ७०. ब्रेख्त ऑगस्ट १९५६ मध्ये गेला, म्हणजे त्याचे जर्मन शब्द भारतात २०१७ पासून मोकळे, जर्मनीत मात्र २०२६ संपेपर्यंत नाहीत, आणि त्याच्या पुस्तकातले फोटो मुळात इतरांचे, इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराचं. या कटकटीत पडायचं नसेल तर गोया आणि कॅलो पूर्ण मोकळे आहेत, म्युझियमच्या साइटवर मोठ्या स्कॅनसकट मिळतात. रुशाचा फोटो वापरू नका, त्याची रचना वापरा. अमेरिकी सरकारी फोटोग्राफरांनी दुसऱ्या महायुद्धात काढलेले बरेचसे फोटो त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सार्वजनिक आहेत. आजच्या युद्धाचे फोटो असतील तर काढणाऱ्याला लिहा, विचारा. माणसं बहुतेक वेळा उत्तर देतात, आणि अनेकदा फोटोसोबत अशी माहिती देतात की खालची ओळ बदलावी लागते.

प्रती किती? हाताने करत असाल तर दहा ते वीस पुष्कळ. आधाराच्या कामाचं नाव, त्याचा कलाकार, वर्ष आणि तुम्ही नेमकं काय बदललं ते शेवटच्या पानावर स्पष्ट लिहा, त्याखाली वापरलेला कागद, छपाई, प्रतींची संख्या, महिना आणि साल. फोटोग्राफरांची यादी इथेच. विकून पैसे आले तर ते कुठे जाणार हेही लिहा, दुसऱ्याच्या पडलेल्या घरावर केलेल्या पुस्तकात ते लपवून ठेवणं बरं नाही. एक प्रत कॉलेजच्या किंवा गावातल्या वाचनालयात द्या, एक फोटो देणाऱ्यांना पाठवा.

युद्ध चालू असेल तर पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा करा. एखादी तारीख चुकीची निघाली, एखाद्या घराची नवी माहिती आली, कोणी परत राहायला आलं, तर छोटी छापील चिठ्ठी त्यात टाकता येते आणि ज्यांच्याकडे प्रती गेल्यात त्यांना पोस्टाने पाठवता येते. म्हणून प्रत कोणाकडे गेली त्याची वही सुरुवातीपासूनच ठेवा.